पाचशे बारा रेघा

३ जानेवारी

प्रिय मामा,

परवा फोनवर तासभर ओरडून माझा घसा बसला, आणि शेवटी तू विचारलंस, "बरं, थंडी कशी आहे तिकडे?" तेव्हाच ठरवलं की आता कागदच घ्यायचा. तुझे कान गेले असले तरी डोळे ठणठणीत आहेत.

काम असं आहे. गेल्या वर्षापासून मी प्रतिमा-प्रक्रियेच्या एका नियतकालिकाच्या संपादक मंडळात आहे, हे तुला माहीत आहे. आमच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. चित्र लहान करायची, स्वच्छ करायची, ठळक करायची नवी रीत कुणी शोधली की ती सगळ्यांनी त्याच ठरावीक चित्रांवर करून दाखवायची, म्हणजे तुलना करता येते. एक माकड, ढोबळ्या मिरच्यांचा ढीग, किनाऱ्यावरची बोट, तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला माणूस. आणि जगभर सगळ्यांत जास्त वापरलेली एक मुलगी. पन्नासेक वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत घाईघाईने चित्र हवं होतं, म्हणून पुरुषांच्या मासिकातला तिचा फोटो खांद्यापर्यंत कापून घेतला. तिला कुणी विचारलं नाही. वर्गात पडद्यावर ती आली की मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि आम्ही चारपाच मुली वहीत डोकं घालून बसायचो. आता बऱ्याच नियतकालिकांनी तिला कायमची रजा दिली आहे. आम्ही एक पाऊल पुढे गेलो. चित्रात माणूस असेल तर त्या माणसाची लेखी संमती हवी, नाहीतर एक मेपासून ते चित्र बंद.

ठराव मीच मांडला. टाळ्या पडल्या. आणि मग एका सहकाऱ्याने विचारलं, "म्हणजे स्थिराही गेली का?"

खुर्चीवर बसलेली, समोर बघणारी, केससुद्धा न हललेली स्थिरा. पाठ्यपुस्तकात तिच्याखाली छापलंय, 'शांत चेहरा, मंद उजेड.' सात वर्षं मी तिच्यावर काम केलं. ती म्हणजे आई आहे हे आज तू, मी आणि आई सोडून कुणालाच ठाऊक नाही. मलाही दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. पुस्तक घेऊन मी पळत घरी गेले होते. आईने बघितलं, म्हणाली, "हो, मीच. दादाने काढलाय," आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मंडळाच्या समितीला टिपण द्यायचंय. कोणतं यंत्र, कधी, कसा काढला, आणि आईला विचारलं होतं का, एवढं लिहून पाठव. आईला विचारलं तर म्हणते, "दादाला विचार." संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवलाय. त्यात दोन चौकटी आहेत, 'हो' आणि 'नाही'. तो तिने टेबलाच्या खणात टाकला.

तुझी लाडकी भाची


१४ जानेवारी

संपादकीणबाई, सलाम!

समितीच्या नावाखाली का होईना, म्हाताऱ्याला चार पानी पत्र आलं. दोनदा वाचलं. आता माझं ऐक, आणि हे मुकाट्याने ऐकायचं, मध्ये बोलायची सोय नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे तळघरातली एक लांब खोली. दार उघडलं की तापलेल्या तारांचा वास. यंत्र कपाटाएवढं, त्याच्यापुढे लोखंडी घोडीवर कॅमेरा, बाजूला एक दणकट दिवा. तुमचा कॅमेरा पापणी लवायच्या आत चित्र घेतो. आमचा वरून खाली एकेक रेघ वाचत यायचा. पाचशे बारा रेघा. डोकं वाचून तो हनुवटीपर्यंत पोचेतो माणूस जरा जरी हलला तरी झालं, नाक एकीकडे आणि ओठ बोटभर पलीकडे. साहेब स्वतः बसले तर त्यांना दोन हनुवट्या आल्या. कारकून बसला, त्याला नेमकी दोनशेव्या रेघेला शिंक आली. ते चित्र आम्ही भिंतीवर चिकटवलं होतं आणि त्याच्याकडे बघून आठवडाभर हसलो.

तू लिहितेस त्या मासिकातल्या मुलीच्या चित्राची फीत आमच्याकडेही आली होती. साहेब जुन्या वळणाचे. म्हणाले, "ही माझ्या खोलीत चालणार नाही. आपलं चित्र आपण काढू." म्हणजे बघ, तुमच्या समितीने आज जे डोक्यावर घेतलंय ते आमच्या साहेबांनी बेचाळीस वर्षांपूर्वी एका वाक्यात उरकलं होतं! तेव्हापासून आम्ही न हलणाऱ्या माणसाच्या शोधात होतो.

त्या मंगळवारी दुपारी तुझी आई आली. मी घरी चष्मा विसरलो होतो, तो द्यायला. बावीस वर्षांची होती. मी म्हटलं, आलीच आहेस तर बस जरा. ती बसली, आणि काय सांगू तुला, पुतळा परवडला. चित्र यंत्रातून छापून बाहेर आलं तेव्हा अख्खा विभाग गोळा झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, ती हसली, चहा घेतला आणि घरी गेली. तीन आठवड्यांनी तिचं लग्न झालं. स्थिरा हे नाव कारकुनाने ठेवलं, तोच तो शिंकणारा.

तेव्हा समितीला बेलाशक कळव की मुलगी आपखुशीने बसली होती. हवं तर माझी सही घे.

आता माझी एक विनंती. तिला काढू नका. ते यंत्र भंगारात गेलं. साहेब गेले, कारकून गेला. माझ्या हातून आयुष्यात राहण्यासारखं दुसरं काही झालं नाही. कुठल्याशा परक्या गावातली पोरं ते चित्र उघडून बसतात, हे मनात आलं की मला अजून बरं वाटतं. म्हातारपणी माणसाला एवढं तरी असू दे.

तुझ्या आईला सांग, सही करून टाक म्हणावं.

मामा


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र फार आवडलं. दोन हनुवट्यांवर मी एकटीच खोखो हसले. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. तीही हसली, पण चष्म्यापाशी. म्हणाली, "दादाला तेव्हा चष्मा कुठे होता? चाळिशीत लागला त्याला."

मी म्हटलं, मग तू कशाला गेली होतीस? भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोलायला गेले होते. राहिलं." तुला माहीतच आहे, आईला बोलतं करायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

चष्म्याचं सोड, एवढ्या वर्षांत कुणीही विसरेल. दुसरीच एक गोष्ट विचारायची आहे. टिपणात चूक नको म्हणून मी तुमच्या संस्थेच्या अभिलेखागाराला लिहिलं होतं. तिथल्या बाईंनी शोधून त्या वर्षाच्या नोंदवहीची पानं पाठवली. तुझं अक्षर लगेच ओळखलं, तेच ते मुंगीएवढं. त्या मंगळवारी तू पाच चित्रं घेतलीस. फुलदाणी, दोरीची गुंडाळी, विटांची भिंत, साहेबांचा जोडा (हे का?), आणि शेवटी 'मुलगी, खुर्चीत'. पहिल्या चारांपुढे वेळ लिहिलाय तीन मिनिटं. मुलीपुढे साडेआठ.

जोडा काही उठून पळणार नव्हता, त्याला तीन मिनिटं. आणि जिवंत माणसाला, जो हलणार याचीच तुम्हाला धास्ती, त्याला साडेआठ? मला तर उलटं असायला हवं होतं असं वाटतं. काही खास कारण होतं का? टिपणात घालायला छान होईल.

कागद अजून खणातच आहे.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

चि. भाचीस,

बेचाळीस वर्षांनी माझी उलटतपासणी होईल असं वाटलं नव्हतं. चष्मा नसेल, छत्री असेल. काय फरक पडतो?

वेळेचं म्हणशील तर यंत्राला एक खटका होता. एक रेघ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात वाचायची की पूर्ण सेकंदात, ते त्यावर ठरायचं. सावकाश वाचलं की चित्रात खडखड, म्हणजे ते नको असलेले ठिपके, कमी येते. त्वचेच्या छटा नीट याव्यात म्हणून सावकाश घेतलं. हे तू तुझ्या विद्यार्थ्यांना शिकवत असशील.

बोलायला आली होती म्हणजे काय म्हणाली ती? नक्की शब्द काय होते? ते कळव. आणि सहीचं काय झालं तेही.

मामा


९ मार्च

मामा,

आधीच सांगते, मी चिडले आहे.

सावकाश वाचलं की खडखड कमी होते, बरोबर. पण तुमच्या यंत्रावर नाही. स्थिराच्या हनुवटीखाली एक उजळ पट्टा आहे, आम्हा सगळ्यांना तो पाठ आहे. पुस्तकवाले त्याला खिडकीचा मंद उजेड म्हणतात. तो काढून टाकायच्या रीतींवर तीन प्रबंध झालेत, त्यांतला एक माझा. तळघरात खिडकी कुठली, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून बाईंकडून आधीच्या महिन्याची पानं मागवली. तुझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा ओढून लिहिलंय, 'पाच मिनिटांवर जाऊ नये. दिवा तापून उजेड चढतो, खालचा भाग बिघडतो.'

तुला माहीत होतं. चित्र बिघडणार हे ठाऊक असताना तू तिला साडेआठ मिनिटं बसवलंस. का?

गेल्या रविवारी मी ती दोन्ही पानं आईपुढे ठेवली. तिने ती वाचली, खणातून संमतीचा कागद काढला, पुन्हा ठेवला आणि बोलायला लागली. ती दोन तास बोलली. मी माझ्या अख्ख्या आयुष्यात तिला सलग दहा मिनिटं बोलताना ऐकलं नव्हतं.

नकाशे काढायच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. ते पत्र तिच्या पर्समध्ये होतं. आजोबांनी तोवर लग्न पक्कं केलं होतं. आजोबा घरात फक्त तुझं ऐकायचे, म्हणून ती तुझ्याकडे आली होती, तू त्यांना सांगावंस म्हणून. 'मला हे लग्न करायचं नाही.' घरापासून संस्थेपर्यंत चालताना ती हेच वाक्य घोकत आली. तू तिला खुर्चीत बसवलंस. उठली तेव्हा धीर सुटला होता. "चूक माझीच," असं म्हणते. "दादाने काय केलं? त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक?"

आणि मी तिच्यासमोर बसून हे ऐकत होते, मामा. ज्या माणसाशी तिला लग्न करायचं नव्हतं ते माझे बाबा. बाबांनी कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. नुसतं "कशाला हवंय?" म्हणायचे. तिला पेन्सिली आणल्या तर कशाला हवंय. नोकरी कशाला हवी आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते होते तोवर आईने स्वतःचा असा एक कागद कधी टेबलावर पसरलेला मी पाहिला नाही. मी माझे पसरायचे आणि ती त्यांच्या कडेने फडकं फिरवायची.

मी समितीत संमतीवर अर्धा तास भाषण केलं. सात वर्षं मी तिच्या चेहऱ्यावरचा पट्टा पुसत बसले. मला स्वतःचीच लाज वाटते.

तुला काही ठाऊक नव्हतं असं ती म्हणते. नोंदवही तसं म्हणत नाही. आता तू सांग.


३० मार्च

बाळ,

तीनदा लिहून फाडलं. हे चौथं, आता जसं होईल तसं.

आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, बाबा, म्हणजे तुझे आजोबा, मला घेऊन फिरायला निघाले. ते कधी कुणाला घेऊन फिरायला जात नसत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुलापाशी थांबून म्हणाले, "उद्या ती तुझ्याकडे येईल. तिच्या मनात काय आहे ते मला कळलंय. ती बोलली की तू विरघळणार. तेव्हा तिला बोलू देऊ नकोस. परवा पत्रिका वाटायला सुरुवात होईल, मग आपोआप गप्प बसेल." मी हो म्हणालो.

का म्हणालो, असं तू विचारशील. बाबांच्या पुढे उभं राहायची माझी हिंमत नव्हती, बस. ते माझं ऐकायचे असं घरात सगळे समजायचे, कारण मी त्यांना पटेल तेवढंच बोलायचो. स्थळ चांगलं आहे, ती सुखात राहील, असं मी स्वतःला रात्रभर बजावत राहिलो. पण तिने तोंड उघडून मला सांगितलं असतं तर मला बाबांकडे जावंच लागलं असतं. तिला नाही म्हणणं मला लहानपणापासून जमलं नाही.

काम आहे, नंतर ये, असं सांगून तिला दारातूनच परत पाठवायचं मी ठरवलं होतं. ती आली. चालून तोंड लाल झालं होतं, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. "दादा," एवढंच म्हणाली, आणि मला दिसलं की पुढचं वाक्य आता येणार. यंत्र चालूच होतं. मी म्हटलं, "अगदी वेळेवर आलीस! बस इथे. हलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही." खटका तीन मिनिटांवर होता. तीन मिनिटं मला पुरेशी वाटली नाहीत. मी तो फिरवला.

ती साडेआठ मिनिटं मी यंत्राच्या मागे उभा होतो. काट्याकडे बघत होतो. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. दिवा चढतोय हे दिसत होतं. आणि शेवटची रेघ झाल्याबरोबर, ती खुर्चीतून उठायच्या आत, मी दार उघडून सगळ्यांना हाका मारल्या. साहेब, कारकून, शेजारच्या खोलीतले दोघं. लोक कौतुकाने जमले नव्हते, मी जमवले होते, ती मला एकट्याला गाठू नये म्हणून. दाराशी जाऊन तिने मागे वळून पाहिलं. मी तेव्हा साहेबांना तिचे केस किती सुरेख आलेत ते दाखवत होतो.

पुढे पुस्तकात 'शांत चेहरा' असं छापून आलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. एवढे शिकलेले लोक म्हणतात तर ती शांतच असेल, असं मी धरून चाललो. चष्म्याची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की तुला लिहिताना ती खोटी आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही, हे मात्र खरं.

ती मला बिचारा म्हणाली, ते वाचून मी दिवसभर जेवलो नाही. तिला हे वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव. मला ते ठरवता येत नाही. तिची सही आता मागू नकोस. चित्र काढून टाका.

मामा


८ एप्रिल

मामा,

ठरवायचं काम पुन्हा दुसऱ्यावर टाकलंस. दोन दिवस ते पत्र माझ्या पिशवीत होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, मी हे लपवलं तर मीही तिला खुर्चीतच बसवलं असं होईल. वाचून दाखवायचं माझ्याने झालं नाही. मी ते तिच्या हातात दिलं.

तिने ते ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं. घडी घालून पाकिटात ठेवलं. मग सगळी भांडी घासली, घासलेली सुद्धा. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन ये." मी खालच्या रस्त्यावर चार चकरा मारल्या. वर आले तेव्हा ती पेन शोधत होती.

तुला वेगळं लिहिते म्हणाली. किती दिवस लागतील ते सांगितलं नाही.

भाची


१९ एप्रिल

दादा,

अकरा दिवस लागले. मला लिहायची सवय नाही.

तुझ्या पत्रात एक चूक आहे, तेवढी दुरुस्त करते. मी दाराशी वळून पाहिलं ते तुझ्याकडे नाही. पर्स खुर्चीपाशी राहिली की काय म्हणून पाहिलं. ती काखेतच होती. निवडीचं पत्र त्यात होतं, घरी जाऊन मी ते फाडलं.

खुर्चीत बसले तेव्हा वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ठरवलं, झालं की लगेच बोलायचं. मनात म्हणत राहिले, पुन्हा पुन्हा. थोड्या वेळाने बाबांचा चेहरा दिसायला लागला. मग आई किती रडेल ते. मग छापून आलेल्या पत्रिका. दिव्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायचं नव्हतं. तू "झालं" म्हणालास तेव्हा आत काही उरलं नव्हतं. मला आठवतं, मला बरंच वाटलं होतं की आता बोलावं लागणार नाही. त्या बरं वाटण्याची मला आजवर लाज वाटत आली.

बेचाळीस वर्षं मी समजत होते की मी भित्री आहे. दादा समोर होता, वेळ होता, आणि माझी दातखीळ बसली. नवऱ्याने "कशाला हवंय" म्हटलं की मी मनात म्हणायचे, एकदा संधी होती तेव्हा कुठे बोललीस, आता कशाला? गप्प राहायचे. पोरगी झाली तेव्हा ठरवलं, हिला माझ्यासारखी होऊ द्यायची नाही. तिला मी भांडायला शिकवलं, मोठ्याने बोलायला शिकवलं. आता ती कुणालाच गप्प बसू देत नाही, ते तू बघतोच आहेस.

तू हे मला दहा वर्षांनी सांगितलं असतंस, वीस वर्षांनी सांगितलं असतंस, तरी मी तुझ्यावर चिडले असते आणि मोकळी झाले असते. तू मला बोलू न देता परत पाठवलंस त्याचं दुःख आहेच. पण तू मला इतकी वर्षं स्वतःवर रागावत ठेवलंस, ते मला जास्त लागलं. दर उन्हाळ्यात घरी यायचास. माझ्या हातचा चहा प्यायचास.

पोरीला वाटतं, आपण झालो म्हणून लग्न नको होतं हे आई आता बोलणार नाही. काल रडत होती. तिला मी सांगितलं तेच तुला लिहिते. लग्न नको होतं आणि ती हवी होती. दोन्ही खरं आहे, त्यात मला काही अडचण वाटत नाही.

चित्राच्या कागदावर सही केली. 'नाही'च्या चौकटीत खूण केली. पोरीच्या समितीसाठी नाही केली आणि तुला शिक्षा म्हणूनही नाही. लोक त्या चेहऱ्याला शांत म्हणतात, ते मला आता चालणार नाही. तुझ्या हातून राहण्यासारखं दुसरं काही झालं नाही असं तू लिहिलंस ना, ते वाचून वाईट वाटलं. पण नाही.

या उन्हाळ्यात येऊ नकोस. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले, आता जरा तुझ्यावर रागावू दे. त्याला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. झालं की मीच बोलावीन. तोवर तब्येतीला जप, जिना एकट्याने उतरू नकोस. माझं रागावून व्हायच्या आत तू गेलास, तर मी तुला कधीच माफ करणार नाही.

धाकटी